एका वावराची बाटली

अक्का,

काल माइकवरून तुम्हाला तीन वेळा निर्व्यसनी म्हटलं गेलं. पहिल्या वेळी मी डोक्यावरचा पदर नीट केला. दुसऱ्या वेळी तुमच्या भावाकडे बघितलं, तर तो मांडवाच्या खांबाकडे बघत होता. तिसऱ्या वेळी मी उठले. तुमच्या गंधमुक्तीच्या दिवशी, सगळ्या भाऊबंदांसमोर, तुमची सख्खी भावजय उठून माइकपाशी गेली, आणि आज गावात जे काही चाललं आहे ते त्यामुळे चाललं आहे. दुसऱ्या कोणी तिखटमीठ लावून तुमच्यापर्यंत पोचवण्याआधी मीच सांगते.

बोलत होते आपले नाना. तुमचे चुलतभाऊ, निवृत्त हेडमास्तर. भाऊबंदांत कोणीही गेलं तरी श्रद्धांजलीचं भाषण त्यांच्याकडेच असतं. माणूस वाईट नाही, पण त्यांच्याकडे भाषण एकच आहे, नाव तेवढं बदलतात. मनमिळाऊ, धार्मिक, निर्व्यसनी. गेल्या वर्षी ज्या गृहस्थांना दोघं जण काखेत हात घालून घरी पोचवत असत, तेसुद्धा नानांच्या तोंडून निर्व्यसनी होऊनच वर गेले. तेव्हा मी मान डोलावली होती. गेलेल्या माणसाचं काय काढायचं, म्हणून. काल मात्र माझं डोकं फिरलं, कारण काल तो शब्द सवयीने आलेला नव्हता. तो ठरवून घातला होता.

तुम्ही शुक्रवारी दुपारी गेलात. डॉक्टरांनी कागदावर हृदय लिहून दिलं. चौथ्या दिवशी बसायला आलेल्या बायकांत कुजबुज सुरू झाली. "लिव्हर गेलं असंन. पेत होती ना ती." मी चहा देत होते. ट्रे तिथेच खाली ठेवला आणि म्हटलं, "हार्ट होतं, मावशी. कागद दाखवू का?" त्यानंतर कुजबुज थांबली नाही, फक्त माझ्यापासून चार हात लांब जाऊन बसली.

त्याच संध्याकाळी तुमचा भाऊ मला म्हणाला, "ते अक्काची बाटली मोरीत ओतून टाक. गंधमुक्तीले सारे सोयरे येतीन. कोनी पाह्यली त काय तोंड दाखवू? आपल्या गौरीची सोयरीक जमवाची आहे अजून."

मी म्हटलं, बाटली तुमच्या बहिणीची आहे, तुम्हीच ओता. बाटली होती त्या केळीच्या शेडपर्यंत तो दोनदा गेला आणि दोन्ही वेळा हात हलवत परत आला. हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. ओतणं त्याला जमलं नाही, म्हणून त्याने नानांना गाठलं आणि भाषणात तो शब्द जरा ठासून घालायला सांगितला. म्हणजे तुमच्यावर पांढरा रंग मारायचं ठरलं. मला हे परवा कळलं, आणि परवापासून मी धुमसत होते.

अक्का, तुमच्या घरच्या पुरुषांनी भरीत पार्टीला शेतात जाऊन किती बाटल्या रिकाम्या केल्या, हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. कपाशीच्या वाळल्या पराट्यांच्या जाळावर वांगी भाजली जातात आणि पराट्यांच्याच ढिगामागे ग्लास भरले जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ग्लास मीच घासते. त्यांच्याबद्दल कोणी शब्द काढत नाही, कारण ते आडोशाला पितात. तुम्ही आडोसा घेतला नाहीत, एवढाच तुमचा गुन्हा. दर शनिवारी जळगावहून बसने यायचात, हातपाय धुवायचात, आणि ऊन उतरायच्या आत ओट्यावर खुर्ची टाकून दुकानातल्या वाइनचा एक ग्लास घेऊन बसायचात. एकच. तोही तासभर पुरवायचात. मी आत बसा म्हटलं की म्हणायचात, "आत बसले त दारू होईन ती."

लोकांना वाटतं तुम्हाला हे खूळ इटलीत लागलं. मी मानत नाही. ते तुम्हाला धुळ्याच्या माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत लागलं होतं, फक्त तेव्हा त्यात द्राक्षं नव्हती. मी नवी नवरी असताना तुमच्याकडे धुळ्याला राहायला आले होते, तेव्हाचं एक दृश्य डोळ्यांसमोर आहे. साक्रीकडचा एक शेतकरी मातीची पिशवी घेऊन आला होता. तुम्ही माती तळहातावर घेतली, बोटांनी चोळली आणि पिशवी परत त्याच्या हातात दिली. "दोन वावरायची माती एका थैलीत काहून भरली?" तो बिचारा म्हणाला, "ताई, बठ्ठी माती एकच शे." तुम्ही त्याला बसवून पाणी दिलं आणि पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. नागमोडी चालत जायचं, नऊ-दहा ठिकाणी खड्डे घ्यायचे, सगळी माती गोणपाटावर पसरून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत असंच करत राहायचं. आणि बांध ओलांडला की नवी पिशवी, नवी चिठ्ठी. तो गेल्यावर मी म्हटलं, एवढ्याशा गोष्टीसाठी परत पाठवलंत? तुम्ही म्हणालात, मिसळलेल्या मातीचा रिपोर्ट कोणत्याच वावराचा नसतो.

हे वाक्य मी काल माइकवर वापरलं. त्याकडे येतेच.

आमची लेक गौरी इटलीत तोरिनोला शिकायला गेली आणि आपल्या दोघींना तिने बोलावून घेतलं, त्याला आता तीन वर्षं झाली. तुम्ही नऊवारीएवढी पिशवी भरून शेंगदाण्याची चटणी आणि कळण्याच्या भाकरीचं पीठ घेतलं होतं. गौरीने एके दिवशी आपल्याला डोंगरातल्या एका मळ्यावर नेलं. तिथला तो म्हातारा मालक, तुमची साडी, तुमचे पांढरे बूट. त्याने बाटली पुढे केली, आणि तुम्ही चष्मा लावून कागद वाचायला लागलात. तुम्हाला इटालियन येत नव्हतं, पण अक्षरांचा आकार कळत होता. वरचं मोठं नाव कोणाचं, हे तुम्ही गौरीला विचारलंत. ती म्हणाली, वावराचं. आणि खालचं लहान? मालकाचं.

तुम्ही चष्मा काढून पुसलात. मग म्हणालात, "म्हंजे गट नंबरची वाइन आहे ही."

मला तेव्हा हसू आलं होतं, पण त्याहून सोपं करून आजवर मला कोणी सांगितलेलं नाही. म्हाताऱ्याची दोन वावरं होती. एक चढावर, एक रस्त्याच्या खाली. द्राक्षाची जात एकच, नेब्बिओलो. माणूस एकच, पाऊस एकच. पण तो दोन्हीकडची द्राक्षं कधी एकत्र करत नव्हता. खालच्याची बाटली वेगळी, वरच्याची वेगळी. तुम्ही चढावरचं ढेकूळ उचललंत, फोडलंत, आणि गौरीकरवी त्याच्याकडे व्हिनेगर मागितलंत. वाइन करणाऱ्याच्या घरी जाऊन व्हिनेगर मागणारी बाई त्याने पहिल्यांदाच पाहिली असेल. तुम्ही ते मातीवर ओतलंत, माती फसफसली, आणि तुम्ही जाहीर केलंत, "चुनखडी. सामू आठाच्या वर असंन." गौरीने ते त्याला सांगितल्यावर तो आत गेला आणि ड्रॉवरमधून मातीचा रिपोर्ट घेऊन आला. मग तुम्ही दोघं एकेका आकड्यावर बोट ठेवत तो कागद वाचत बसलात, भाषेवाचून. गौरी आणि मी बाजूला उभ्या होतो. आमची गरजच उरली नव्हती.

त्याने दोन ग्लास भरले, एक खालच्या वावराचा, एक वरच्याचा. तुम्ही दोन्ही हुंगलेत, प्यायलात, डोळे मिटलेत आणि मला विचारलंत, कळतो ना फरक? मी हो म्हटलं. अक्का, आता सांगून टाकते. मला काडीचा कळला नव्हता. दोन्ही सारख्याच तुरट लागल्या होत्या. तुमचा चेहरा एवढा उजळला होता की मला नाही म्हणवलं नाही. पुढे कित्येक महिने तुम्ही मला मोठी जाणकार समजून वागलात, आणि मी ते चालवून घेतलं.

परतीच्या प्रवासात तुम्ही विमानात बोलत होतात ते आपल्या केळीबद्दल. आपल्या तीन वावरांची केळी तीन तऱ्हेची लागतात, नदीकाठची वेगळी, पांढऱ्या मातीतली वेगळी, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पण ट्रकमध्ये चढली की सगळी एक. तुम्हाला त्याचा एवढा राग आलेला मी पहिल्यांदा पाहिला.

तीन बाटल्या आणल्या आपण, साड्यांच्या घड्यांत गुंडाळून. तिन्ही चढावरच्या वावराच्या. पहिलीची आपण माती केली. गौरीने फोनवर सांगितलं होतं की रेड वाइन रूम टेम्परेचरला प्यायची असते. आपण आज्ञाधारक. आपण बाटली स्वयंपाकघरात पापडाच्या डब्याशेजारी ठेवली. मे महिना, जळगावचं ऊन, भिंतीला हात लावला तर चटका. पंधरा दिवसांनी बघितलं तर बूच अर्धा इंच वर आलेलं आणि कडेने चिकट ओघळ. उघडली तर उकळलेल्या काकवीत चिंच टाकल्यासारखी. तुम्ही त्याच मिनिटाला गौरीला फोन लावलात. "रूम म्हंजे कोनाची रूम वं? त्या म्हाताऱ्याची का माही?" पोरीला हसू आवरेना. त्या वाइनमध्ये मी कांदे मुरवले आणि आपण ते महिनाभर खाल्ले, वाया काही गेलं नाही.

मग तुम्ही केळीच्या शेडमध्ये शिरलात. आपल्याकडे केळीचे क्रेट पिकवायला लावण्याआधी ज्या थंड खोलीत थांबतात, तिथे काटा तेरा-चौदावर असतो. तुम्ही गौरीकडून त्या म्हाताऱ्याच्या तळघराचं टेम्परेचर मागवलंत. तेरा-चौदा. त्या दिवशी तुम्ही जेवताना एकट्याच हसत होतात. इटलीतल्या लोकांनी डोंगर पोखरून जे केलं, ते मुक्ताईनगरच्या रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये आपल्याकडे आधीच होतं. उरलेल्या दोन बाटल्या तुम्ही मातीच्या नमुन्याच्या कापडी पिशव्यांत घातल्यात, आत चिठ्ठ्या टाकल्यात, आणि मागच्या भिंतीला आडव्या ठेवल्यात, बूच ओलं राहावं म्हणून. मशीन सांभाळायला बोदवडचे रशीदभाई येतात. ते नमाजी माणूस, त्यांना अंधारात ठेवायचं नाही, असं म्हणून पिशवीत काय आहे ते तुम्ही त्यांना सरळ सांगितलंत. ते म्हणाले, "ताई, उस थैली को मैं हाथ नहीं लगाऊंगा. पण मशीनचं काम माझं आहे, काटा हलू देणार नाही." तुम्ही म्हणालात, एवढंच हवं होतं.

दुसरी बाटली आपण त्या वर्षी थंडीत उघडली, भरताच्या दिवशी, शेतात, भर दुपारी. मला तो दिवस नीट लिहून ठेवायचा आहे, कारण वाइन कशी प्यायची हे मी जे काही शिकले ते त्या एका दिवसात. आदल्या दिवशी तुम्ही बाटली उभी करून ठेवलीत, गाळ तळाला बसू दे म्हणून. मग निवृत्त होताना ऑफिसकडून भेट म्हणून मागून घेतलेलं ते हजार मिलिलिटरचं कोरं बीकर काढलंत आणि बाटली तिरपी धरून धारेने त्यात ओतलीत, गाळ दिसायला लागला तिथे थांबलात. गौरीने याला काहीतरी फ्रेंच नाव सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "याले निथळून घेणं म्हंतात. तीस वर्षं दुसरं काय केलं मी?" दोन तास बीकर तसंच उघडं ठेवलंत, वर मलमलचा रुमाल. तुमच्या भावाने चार वेळा येऊन विचारलं, झाली का. मला तर रंग बघूनच शंका आली होती. अंबाडीच्या बोंडांच्या सरबताएवढी फिकी, आरपार दिसणारी, कडेला विटेची झाक. म्हटलं, फसवलं की काय म्हाताऱ्याने, पाणी घातलंय. तुम्ही म्हणालात, रंगावर जाऊ नको, काळी माती दिसायला भारी असते म्हणून सगळी पिकं तिच्यातच येतात का?

आणि मग तुम्ही मला वास घ्यायला लावलात. ग्लास तिसरा हिस्साच भरायचा, म्हणजे वासाला जागा राहते. ग्लास फिरवायचा, नाक आत घालायचं, पुन्हा फिरवायचा. "काय येतं ते सांग. पुस्तकातलं नको." मी म्हटलं, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी खुंटीवर वाळलेला गुलाबाचा हार. तुम्ही म्हणालात, आणखी. मी म्हटलं, मे महिन्यात हायवेवर विरघळलेलं डांबर. मला वाटलं तुम्ही हसाल. तुम्ही गौरीला फोन केलात, आणि तिने सांगितलं की जाणकार लोकसुद्धा या वाइनबद्दल हेच दोन वास सांगतात. त्या दिवशी मी खरंच जाणकार झाले, पहिल्यांदा, खोटं न बोलता. घोट लहान घ्यायचा आणि तोंडभर फिरवायचा, हे तुम्ही शिकवलंत. हिरड्या ओढल्या गेल्या, कच्चं केळं चावल्यासारख्या, आणि मग हळूहळू काहीतरी गोडसर मागे राहिलं, बराच वेळ.

त्याच दिवशी तुम्ही बिनमिरचीचं भरीत केलंत आणि माझी सहनशक्ती संपली. भरताला हिरवी मिरची नको म्हणजे काय? तुम्ही म्हणालात, तिखटाने या वाइनचा तुरटपणा चावायला लागतो, जिभेला दुसरं काही कळत नाही. मी म्हटलं, मग वाइन बदला, भरीत का बदलता? शेवटी दोन भरतं झाली. मी दोन्ही खाल्ली, दोन्हींबरोबर प्यायले, आणि तुमचं बरोबर होतं हे मला पहिल्या घासाला कळलं. तेव्हा कबूल केलं नाही, आता करते. तुमच्या भावाने मात्र ग्लासात बर्फाचे तीन खडे आणि सोडा घातला. तुम्ही त्याच्याकडे असं बघितलंत की त्याने तो ग्लास घेऊन थेट केळीच्या बागेत पळ काढला.

उरली तिसरी. तिच्यावरून आपलं जे वाजलं ते मिटलंच नाही. म्हाताऱ्याने सांगितलं होतं, एक बाटली ठेवून द्या, अजून सात-आठ वर्षांनी उघडा, तोवर तुरटपणा विरघळतो आणि वास मोकळा होतो. तुम्ही ते मनावर घेतलंत. मी दर थंडीत विचारायचे, दर थंडीत तुम्ही म्हणायचात थांब. शेवटच्या शनिवारी मी जरा जोरातच बोलले. मी पंचावन्नची, तुम्ही अडुसष्टच्या, कोणासाठी ठेवायची? तुम्ही म्हणालात, "अजून पाच वर्षं. घाई काहून करते? तुम्हाले सगळ्यायले घाई. केयी कच्ची कापता आन् चेंबरमधी पिकवता, म्हनून असं झालं तुमचं." मी म्हटलं, मग ठेवा उशाशी. रविवारी सकाळी बसमध्ये चढताना तुम्ही दरवेळेसारखं येते म्हणाला नाहीत. मीही या म्हटलं नाही. फोन करायचा होता मंगळवारी, मग बुधवारी. अक्का, मी खूप हट्टी आहे, आणि तुम्ही माझ्याहून. शुक्रवारी जळगावहून जो फोन आला तो तुमच्या शेजारणीचा होता.

तर काल. ज्या नानांसमोर मी तीस वर्षं डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, त्यांच्या हातून मी माइक घेतला. मी म्हटलं, "अक्का निर्व्यसनी नव्हत्या. व्यसनीही नव्हत्या. दर शनिवारी आमच्या ओट्यावर बसून त्या एक ग्लास वाइन घ्यायच्या आणि अर्धा मला द्यायच्या. त्यांची एक बाटली आमच्या शेडमध्ये आहे आणि ती मोरीत जाणार नाही. नाना, तो शब्द काढा. तो लावला की अक्का बाकी सगळ्यांसारख्या होतात. दोन वावरांची माती एका थैलीत भरली की रिपोर्ट कोणत्याच वावराचा राहत नाही, असं त्या म्हणायच्या. आज आपण त्यांचंच तसं करतो आहोत."

मला वाटलं आता कोणीतरी ओरडेल. मागच्या रांगेतून एका म्हातारीने विचारलं, "गोड राह्यते का वं ते?"

"नाही मावशी. तुरट."

"मंग काहून पेत होती?"

तेरा दिवसांत पहिल्यांदा माणसं हसली. नानासुद्धा, चष्मा काढून. मग ते म्हणाले, "बस बाई आता," आणि भाषण पुढे चालू केलं. ते आणखी बरंच बोलले, पण तो शब्द पुन्हा आला नाही. सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. दोन घरं न जेवता गेली. गौरीच्या सोयरिकीचं ज्यांच्याशी चाललं होतं ते लोक मांडवातच होते आणि जाताना भेटले नाहीत. गौरीला मी रात्री रडतच फोन केला. ती म्हणाली, "आई, बरं झालं, त्यांना आत्ताच कळलं. लग्नानंतर मला पण ओट्यावरच बसायचं आहे."

गंधमुक्ती या शब्दावर तुम्ही एकदा आपल्या भावाला छेडलं होतं, आठवतं? कपाळाला गंध लावायची मोकळीक म्हणून गंधमुक्ती, हे त्याने तुम्हाला समजावून सांगितलं, आणि तुम्ही म्हणालात, मला तर वाटलं मेलेल्याला वासापासून सोडवता. तसं असेल तर माझ्या वेळी करू नका, असंही बजावलंत. माझ्या कपाळाला काल गंध लागलं, आणि मी तडक शेडमध्ये गेले. रशीदभाई दाराशीच होते. म्हणाले, "भाभी, भाऊंनी मशीन बंद करायला सांगितली होती, माल नाही म्हणून. मैंने नहीं की. ताई की थैली अंदर थी." मला तिथे रडू आलं. मांडवात आलं नव्हतं.

बाटली उघडली अंगणात, चार वाजता, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. निथळून घेतली. अर्धा तासच धीर धरला. आणि अक्का, तुमचं बरोबर होतं. बाटली तयार नव्हती. वास आलाच नाही, दार लावून घेतल्यासारखी. तुरट तर अशी की जीभ टाळूला चिकटली. मी संतापले. तुमच्यावर, म्हाताऱ्यावर, त्या पाच वर्षांवर. तेवढ्यात तुमचा भाऊ पंगतीतलं ताट घेऊन माझ्याजवळ येऊन बसला. वरण-बट्टी होती कालच्या जेवणात. मी सकाळपासून उपाशी आहे हे त्याच्या लक्षात होतं. त्याने बट्टी कुस्करली, वर तुपाची वाटी उपडी केली आणि ताट माझ्याकडे सरकवलं. मी चार घास खाल्ले आणि पुन्हा घोट घेतला, आणि तुरटपणाची धार मोडलेली. तूप लागतं हिला, अक्का. भरीत नाही, बट्टी. आपण तीन वर्षं चुकीच्या ताटाशी भांडत होतो. तुमच्या भावाने ग्लास पुढे केला. मी म्हटलं बर्फ मिळणार नाही. तो म्हणाला, "मांगितला कोनी?"

दोघांनी अर्धा-अर्धा ग्लास घेतला. बाकीची बुचाने बंद करून थंड खोलीत ठेवली, फेकायची हिंमत कोणालाच नव्हती.

आज दुपारी मी ती परत बाहेर आणली. ओट्यावर दोन खुर्च्या टाकल्या, रस्त्याकडे तोंड करून. येणारे-जाणारे बघत होते, बघू दिले. तुमच्या भावाने ग्लासात नाक घातलं आणि कितीतरी वेळ काढलंच नाही. मग मला विचारलं, "कालची हेच का?" मी माझा ग्लास उचलला. वाळलेला हार होता. डांबर होतं. तुरटपणा होता, पण आता बसून बोलण्यासारखा, आणि घोट गेल्यावर तो मागे राहणारा गोडवा, अगदी त्या भरताच्या दिवसासारखा. त्याहूनही जास्त. तुमचा भाऊ रडायला लागला आणि मी त्याला रडू दिलं.

मागच्या महिन्यात, आपण भांडलो त्या शनिवारी, मी म्हणत होते आत्ता उघडू. उघडली असती तर शनिवारी वैतागला असतात, मला चार शब्द ऐकवले असतेत, आणि रविवारची बस सोडून संध्याकाळपर्यंत इथेच बसला असतात. पाच वर्षं लागत नव्हती अक्का, एक दिवस लागत होता.

आता बोला.